आरसेटीचे मोफत निवासी प्रशिक्षण : वर्गातला महिना आणि त्यानंतरची दोन वर्षे

नोकरीच्या मागे न लागता गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचा लहानसा व्यवसाय उभा करू पाहणाऱ्या तरुण-तरुणींसाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वजण जिला ‘आरसेटी’ म्हणून ओळखतात ती संस्था, आज देशातील बहुतेक जिल्ह्यांत उपलब्ध आहे. प्रशिक्षणाला शुल्क नाही, राहण्या-जेवण्याचा खर्च नाही, आणि प्रशिक्षण संपल्यावर बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी व व्यवसाय स्थिरावेपर्यंत सोबत राहण्याची जबाबदारी संस्थेने अधिकृतपणे स्वीकारलेली आहे. ग्रामीण तरुणांना व्यवसायविषयक मार्गदर्शन करण्याच्या निमित्ताने या केंद्रांशी माझा वारंवार संबंध आला असून, अनेक प्रशिक्षणार्थींशी मी प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर सविस्तर बोललो आहे. त्या आधारे या सेवेचे परीक्षण येथे करत आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो : वर्गात मिळणारी सेवा चांगली आहे, काही बाबतीत तर अत्युत्तम आहे, परंतु बँकेने हे काम हाती घेण्यामागे जो मूळ हेतू होता तो वर्ग संपल्यानंतरच्या काळात सिद्धीस जायचा असतो, आणि नेमक्या त्याच काळातील सेवेचा दर्जा केंद्रागणिक फार बदलतो.

हा हेतू समजण्यासाठी या संस्थेच्या उगमाकडे पाहावे लागते. १९८२ साली कर्नाटकातील दक्षिण कन्नड जिल्ह्यात, धर्मस्थळाजवळच्या उजिरे या गावी, धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने श्री धर्मस्थळ मंजुनाथेश्वर शैक्षणिक न्यास, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून ‘रुडसेटी’ ही प्रशिक्षण संस्था सुरू केली. एक धर्मादाय न्यास आणि दोन राष्ट्रीयीकृत बँका यांची ही जोडणी त्या काळी वेगळीच होती, आणि तिच्यामागचा विचार आजही पटण्यासारखा आहे. न्यासाकडे गावाचा विश्वास होता, बेकार तरुणांना नावानिशी ओळखणारी माणसे होती, त्यांना काही आठवडे एकत्र राहायला लावून शिस्त आणि आत्मविश्वास देण्याचा अनुभव होता. पण भांडवल नव्हते. बँकांकडे भांडवल होते, शाखांचे जाळे होते, परंतु समोर अर्ज घेऊन आलेला अनोळखी तरुण कर्ज फेडील की नाही हे ओळखण्याचे साधन नव्हते. एकत्र प्रशिक्षणामुळे न्यासाचा विश्वास आणि बँकेचे भांडवल यांची गाठ पडली. ज्याने तीन-चार आठवडे पहाटे उठून काम शिकले, बाजाराची पाहणी केली आणि स्वतःच्या व्यवसायाचा हिशेब स्वतः मांडला, त्याची ओळख बँकेला कागदांपलीकडे पटू लागली.

हा प्रयोग यशस्वी ठरल्यावर केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयाने २००९ पासून त्याच धर्तीवर प्रत्येक जिल्ह्यात एक केंद्र उभारण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्याची जबाबदारी प्रामुख्याने त्या त्या जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे, म्हणजे जिल्ह्यातील सर्व बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेकडे, सोपवली. महाराष्ट्रात त्यामुळे कुठे महाबँक (बँक ऑफ महाराष्ट्र), कुठे स्टार (बँक ऑफ इंडिया) अशा नावांनी ही केंद्रे ओळखली जातात. सुरुवातीच्या रचनेनुसार राज्य सरकारने जागा द्यावी, केंद्र सरकारने इमारतीसाठी एक कोटी रुपयांपर्यंत अनुदान द्यावे, दारिद्र्यरेषेखालील ग्रामीण प्रशिक्षणार्थींचा खर्च मंत्रालयाने भरून द्यावा आणि दैनंदिन कारभार बँकेने पाहावा अशी विभागणी होती. केंद्राचा संचालक हा बँकेचाच अधिकारी असतो. बेंगळुरूची राष्ट्रीय रुडसेटी अकादमी या संचालकांना व प्रशिक्षकांना तयार करण्याचे आणि केंद्रांच्या कामावर लक्ष ठेवण्याचे काम करते. या विस्तारात धर्मादाय न्यासाची जागा बहुतेक जिल्ह्यांत सरकार आणि बँक यांनीच घेतली. जिल्ह्याजिल्ह्यांत हा कार्यक्रम पोहोचवण्यासाठी ते अपरिहार्य होते. परंतु उजिरे येथे जी माणसे प्रशिक्षणार्थीच्या घरी जाऊन बसत, तशी माणसे प्रत्येक ठिकाणी आपोआप निर्माण झाली नाहीत. पुढच्या बऱ्याच गुणदोषांचे मूळ मला येथे दिसते.

प्रवेशाची प्रक्रिया सोपी आहे. मूळ मार्गदर्शक तत्त्वांनुसार १८ ते ४५ वयोगटातील, लिहिता-वाचता येणाऱ्या ग्रामीण उमेदवाराला अर्ज करता येतो आणि किमान ७० टक्के प्रशिक्षणार्थी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील असावेत अशी अपेक्षा आहे. अर्ज थेट केंद्रात, बँकेच्या शाखेतून किंवा बचत गटांसाठीच्या राज्याच्या ‘उमेद’ अभियानाच्या गावपातळीवरील ताईंमार्फत करता येतो. साधारण पंचवीस ते पस्तीस जणांची तुकडी भरली की वर्ग सुरू होतो. याच ठिकाणी पहिली उणीव जाणवते. तुकडी भरण्याची घाई असेल तेव्हा निवड ही निवड राहत नाही. बचत गटाच्या बैठकीत नावे सुचवली जातात, आणि शिवणकामाच्या वर्गात अशाही मुली येतात ज्यांना शिवण शिकायचे असते पण व्यवसाय करायचा नसतो. शिवण शिकण्याची इच्छा उत्तमच आहे. मात्र जागा तिच्याकडे गेल्यावर, व्यवसाय करू इच्छिणारी दुसरी मुलगी पुढच्या तुकडीची वाट पाहत बसते. ज्या केंद्रांत संचालक प्रत्येक अर्जदाराशी दहा-पंधरा मिनिटे बोलतो, व्यवसाय कुठे करणार, घरच्यांची संमती आहे का, आधी काही काम केले आहे का हे विचारतो, तेथील तुकडी पहिल्याच दिवशी वेगळी दिसते.

प्रशिक्षणाचा आराखडा हा या सेवेचा सर्वांत भक्कम भाग आहे. अभ्यासक्रम सहा दिवसांपासून साधारण दीड महिन्यापर्यंतचे आहेत. शेळीपालन, कुक्कुटपालन, अळिंबी उत्पादन, दुग्धव्यवसाय हे विषय दहा दिवसांच्या आसपास आटोपतात. शिवणकाम, ब्युटी पार्लर, मोबाइल दुरुस्ती, दुचाकी दुरुस्ती, घरगुती वायरिंग, मोटार रिवाइंडिंग व पंप दुरुस्ती यांना महिनाभर लागतो. दिवस पहाटे प्रार्थना, योग आणि श्रमदानाने सुरू होतो. सकाळच्या पहिल्या तासाला आदल्या दिवशी शिकलेल्यातले सर्वांत महत्त्वाचे काय वाटले हे प्रत्येकाने उभे राहून सांगायचे असते. वर्गात कधीच न बोललेली मुलगी पहिल्या आठवड्यात दोन वाक्ये कशीबशी बोलते आणि महिन्याअखेरीस सगळ्या तुकडीसमोर आपल्या दुकानाची योजना मांडते, हा बदल मी अनेकींच्या बाबतीत पाहिला आहे. पुढे तिला बँकेच्या व्यवस्थापकासमोर बसायचे असते आणि ग्राहकाला ‘उधार देणार नाही’ असे सांगायचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे या तासाचे मोल कळते.

हस्तकौशल्याच्या आधी आणि त्याच्या बरोबरीने उद्योजकता विकासाची सत्रे होतात. त्यांतील कड्या फेकण्याचा खेळ बहुतेक प्रशिक्षणार्थींना वर्षानुवर्षे आठवतो. जमिनीत किंवा फळीवर एक खुंटी रोवलेली असते, ती किती अंतरावरून साधायची हे खेळणाऱ्याने स्वतः ठरवायचे असते, आणि जितके अंतर जास्त तितके गुण जास्त. काहीजण अगदी जवळ उभे राहून सगळ्या कड्या पाडतात, काहीजण दूरवरून नशीब आजमावतात, आणि थोडेजण दोन-तीन फेऱ्यांत आपली कुवत ओळखून मधले अंतर निवडतात. नंतरच्या चर्चेत प्रशिक्षक यावरून जोखमीचा विषय काढतो : किती कर्ज घ्यावे, पहिल्याच वर्षी चार मशीन घ्यावीत की एक. हा खेळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकलेलंड यांच्या सिद्धिप्रेरणेवरील, म्हणजे यश मिळवण्याच्या ओढीवरील, कामातून आला आहे. त्यांनी १९६० च्या दशकात आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील लहान व्यावसायिकांना असे प्रशिक्षण देऊन त्याचे परिणाम तपासले होते, आणि आपल्याकडील उद्योजकता प्रशिक्षणाची पुष्कळशी परंपरा त्या प्रयोगापासून चालत आली आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून ठोकळ्यांचा मनोरा रचण्याचा दुसरा खेळही असाच मार्मिक आहे. त्यात रचणाऱ्याइतकीच, शेजारी उभे राहून सूचना देणाऱ्या ‘घरच्यां’ची भूमिका महत्त्वाची ठरते. तुकडीतल्या मुली या खेळानंतर आपल्या घराविषयी ज्या मोकळेपणाने बोलतात, तसे एरवी क्वचितच बोलतात.

त्यानंतर बाजारपाहणी येते. तुकडी एक-दोन दिवस बाहेर पडते, आपण करणार त्या व्यवसायातील दुकाने पाहते, कच्चा माल कुठून येतो, दर काय, उधारी किती, सणासुदीला किती खप होतो हे विचारून लिहून आणते. या पाहणीवरून प्रत्येकाला आपला प्रकल्प अहवाल तयार करावा लागतो. हा भाग नीट झाला तर संपूर्ण प्रशिक्षणाची किंमत एका झटक्यात वसूल होते, कारण पहिल्यांदाच तरुणाच्या ध्यानात येते की आपल्या गावात आधीच तीन मोबाइल दुरुस्तीची दुकाने आहेत आणि चौथे चालणार नाही, किंवा परिसरात कृषिपंप भरपूर असूनही मोटार रिवाइंडिंगसाठी शेतकऱ्यांना तालुक्याला जावे लागते. दुर्दैवाने काही ठिकाणी ही पाहणी केंद्राच्या जवळच्या बाजारपेठेतच उरकली जाते. प्रशिक्षणार्थी वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेले असतात. जिल्ह्याच्या गावातले दर आणि गिऱ्हाईक त्यांच्या खेड्याला लागू पडत नाहीत. प्रशिक्षण सुरू असताना प्रत्येकाला दोन दिवस स्वतःच्या गावी पाठवून पाहणी करवून घेणे शक्य आहे, आणि मला ते अत्यावश्यक वाटते.

कौशल्याच्या खोलीबाबत अपेक्षा योग्य असावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. येथे घरगुती वायरिंग महिनाभरात शिकवले जाते. एका महिन्यात कारागीर तयार होत नाही, कारागिरीची सुरुवात होते. ज्याने आधी कोणाच्या तरी हाताखाली काम केले आहे त्याला हा महिना फार उपयोगी पडतो, कारण त्याच्या हाताला असलेल्या सवयीला कारण, मोजमाप आणि हिशेब मिळतो. अगदी नवख्याने मात्र प्रशिक्षणानंतर किमान काही महिने एखाद्या चालत्या दुकानात उमेदवारी करावी. ही उमेदवारी जुळवून देणे केंद्राला फारसे अवघड नाही, कारण बँकेचे कर्जदार असलेले शेकडो व्यावसायिक त्याच जिल्ह्यात असतात, परंतु ते क्वचितच घडते. प्रशिक्षकांचा दर्जा एकूण समाधानकारक आहे. मानधनावर येणारे स्थानिक व्यावसायिक विषय चांगला शिकवतात, आणि शेळीपालन-कुक्कुटपालनासाठी पशुवैद्यकीय अधिकारी येतात तेव्हा लसीकरणाचे वेळापत्रक, गाभण शेळीचा आहार, करडांची मर अशा गोष्टींवर प्रश्नोत्तरे रंगतात. यंत्रसामग्रीची स्थिती केंद्रागणिक वेगळी आहे. तीस मुलींमागे चालू अवस्थेतील शिलाई यंत्रे किती, हे आधी जाऊन पाहावे.

आता कर्जाविषयी. बँकेने चालवलेल्या प्रशिक्षणाला इतर प्रशिक्षणांपेक्षा वेगळे ठरवणारी गोष्ट हीच आहे, आणि याच बाबतीत माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. कागदोपत्री रचना पुरेशी उदार आहे. मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर आणि दहा लाखांपर्यंत तरुण गटात कर्ज मिळू शकते. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग यांना ३५ टक्के अनुदान आहे, तर स्वतःचा हिस्सा अनुक्रमे १० आणि ५ टक्के भरावा लागतो. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही त्याच वळणाचा आहे. या साऱ्याच्या मागे विकास बँका उभ्या आहेत, हे प्रशिक्षणार्थीला सहसा दिसत नाही : मुद्रा ही संस्था भारतीय लघु उद्योग विकास बँकेची म्हणजे सिडबीची उपकंपनी आहे, आणि विनातारण कर्जाला हमी देणारा पतहमी निधी न्यास २००० साली केंद्र सरकार आणि सिडबी यांनीच स्थापन केला.

इतके असूनही प्रशिक्षणार्थी प्रमाणपत्र घेऊन गावच्या शाखेत जातो तेव्हा अनेकदा तेथील व्यवस्थापकाला आरसेटीचे नावही नीट ठाऊक नसते. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने पंप दुरुस्तीचे प्रशिक्षण उत्तम गुणांनी पूर्ण केले होते. त्याच्या शाखेने प्रथम प्रकल्प अहवाल नव्याने मागितला, मग दरपत्रक जुने झाले म्हणून परत पाठवले, मग वडिलांच्या थकीत पीककर्जाकडे बोट दाखवले, आणि शेवटी तारणाची विचारणा केली. अर्ज लेखी नाकारला असता तर त्याला वरिष्ठांकडे दाद तरी मागता आली असती, पण तसे झाले नाही. ही शाखा प्रशिक्षण देणाऱ्या बँकेची नव्हती, दुसऱ्याच बँकेची होती, आणि मुख्य अडचण तीच आहे : केंद्र एका बँकेचे, प्रशिक्षणार्थींची खाती जिल्हाभरातील निरनिराळ्या बँकांमध्ये, आणि प्रत्येक गाव कुठल्या ना कुठल्या शाखेच्या सेवाक्षेत्रात वाटलेले. शाखा व्यवस्थापकाची बाजूही समजून घ्यायला हवी. त्याच्याकडे मनुष्यबळ अपुरे असते, लहान कर्जाच्या कागदपत्रांना मोठ्या कर्जाइतकाच वेळ लागतो, आणि थकबाकी वाढली की जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणूनच केंद्राच्या संचालकाने स्वतः जाऊन ‘हा मुलगा मी महिनाभर पाहिला आहे’ असे सांगण्याला महत्त्व आहे. असे करणारे संचालक मी पाहिले आहेत. ते तुकडी संपण्यापूर्वी संबंधित शाखांच्या व्यवस्थापकांना समारोपाला बोलावतात, अर्ज तेथेच भरून घेतात आणि अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाच्या बैठकीत प्रलंबित अर्जांची यादी नावानिशी वाचतात. त्यांच्या केंद्रांत कर्जप्रकरणे महिनोन्‌महिने लोंबकळत राहत नाहीत.

प्रशिक्षणानंतर किमान दोन वर्षे पाठपुरावा करावा असा या संस्थांचा नियम आहे आणि माझ्या मते संपूर्ण योजनेत यापेक्षा शहाणपणाची दुसरी तरतूद नाही. लहान व्यवसाय पहिल्या वर्षात बुडतो तो बहुधा कौशल्य कमी पडल्यामुळे नव्हे. उधारी अडकते, घरातील आजारपणात खेळते भांडवल संपते, पावसाळ्यात गिऱ्हाईक येत नाही, किंवा पहिल्या दोन हप्त्यांत चुकून खाते थकीत होते आणि मग बँकेत तोंड दाखवायची लाज वाटू लागते. अशा वेळी कोणी तरी येऊन ‘हप्त्याची तारीख बदलून घेऊ’ एवढे सुचवले तरी दुकान वाचते. प्रत्यक्षात पाठपुरावा पुष्कळ ठिकाणी दूरध्वनीवर उरकला जातो. ‘व्यवसाय सुरू केला का?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर आले की प्रशिक्षणार्थी स्थिरावल्याची नोंद होते. या केंद्रांना प्रशिक्षितांपैकी ७० टक्के लोक स्थिरावावेत असे उद्दिष्ट असते, आणि जाहीर होणारे आकडे त्याच्या आसपास किंवा वरही असतात. मला त्या आकड्यांवर संशय घ्यायचा नाही, पण घरी बसून महिन्याला दोन-तीन ब्लाऊज शिवणारी बाई आणि दोन मदतनीस ठेवून दुकान चालवणारी बाई यांची नोंद एकाच रकान्यात होते, तोवर त्या आकड्यांवरून केंद्राचे काम जोखता येणार नाही. दुसऱ्या वर्षाअखेरीचे मासिक उत्पन्न आणि कर्जखात्याची स्थिती या दोनच गोष्टी प्रसिद्ध केल्या तरी चित्र स्पष्ट होईल.

हा आग्रह धरण्यामागे जगभरातील अनुभवाचे पाठबळ आहे. जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतील रोजगारविषयक उपक्रमांच्या मूल्यमापनांचा आढावा घेतला, तेव्हा व्यावसायिक कौशल्याचे प्रशिक्षण देऊ केलेल्या दर शंभर जणांमागे, प्रशिक्षणाशिवाय मिळाला नसता असा रोजगार मिळालेले तीनहूनही कमी आढळले. तो आढावा प्रामुख्याने नोकरीसाठीच्या प्रशिक्षणाबद्दल आहे आणि आरसेटीचा भर स्वयंरोजगारावर आहे, त्यामुळे तो आकडा येथे जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल. परंतु प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी किती जण कामाला लागले एवढे मोजून भागत नाही, त्यांतील किती जण एरवीही लागलेच असते हेही पाहावे लागते, ही गोष्ट या केंद्रांनाही लागू आहे.

धर्मादाय संस्था आणि विकास बँक यांच्या भागीदारीचा दुसरा नमुना नाबार्डच्या, म्हणजे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेच्या, कार्यक्रमांत पाहायला मिळतो, आणि ज्यांच्या जिल्ह्यात तो उपलब्ध आहे त्यांनी त्याचाही विचार जरूर करावा. १२ जुलै १९८२ रोजी स्थापन झालेली ही बँक सामान्य माणसाचे खाते उघडत नाही. ती बँकांना पुनर्वित्त देते, म्हणजे त्यांनी दिलेल्या कर्जांसाठी पैसा पुरवते, आणि स्वयंसेवी संस्थांमार्फत नवे प्रयोग करून पाहते. १९८७ मध्ये तिने कर्नाटकातील मायराडा या संस्थेला गटांच्या प्रयोगासाठी दहा लाख रुपये दिले आणि त्या अनुभवातून १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा पथदर्शी कार्यक्रम सुरू झाला. आज गावोगाव दिसणाऱ्या बचत गटांच्या बँक कर्जाची मुळे तिथे आहेत. याच वाटेने २००६ मध्ये सूक्ष्म उद्योजकता विकास कार्यक्रम आणि २०१५ मध्ये उपजीविका व उद्योग विकास कार्यक्रम आले. पहिल्यात बचत गटाच्या सदस्यांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण मिळते. दुसरा मला अधिक विचारपूर्वक आखलेला वाटतो, कारण त्यात लगतच्या गावांतील पंधरा ते तीस गट एकत्र घेतले जातात, प्रशिक्षण गावातच होते, उजळणी वर्ग असतात, आणि कच्च्या मालापासून विक्रीपर्यंतची साखळी जुळवण्याचे काम स्वयंसेवी संस्थेकडे असते.

दोन्हींची तुलना करताना मला जाणवलेला फरक असा. आरसेटीत शिकणारा तरुण एकटा जातो आणि एकटाच परत येतो. त्याचे कौशल्य अधिक पक्के असते, पण गावात त्याच्या पाठीशी कोणी नसते. नाबार्डच्या गटांवर आधारलेल्या कार्यक्रमात कौशल्य तुलनेने उथळ राहिले तरी शेजारच्या घरात तोच व्यवसाय करणारी दुसरी बाई असते, माल एकत्र घेता येतो, आणि चालवणारी संस्था वर्षानुवर्षे त्याच गावांत काम करत असल्यामुळे पाठपुरावा ही वेगळी योजना राहत नाही. मात्र येथेही दर्जा पूर्णपणे त्या संस्थेवर अवलंबून आहे. ज्या संस्थेचे त्या परिसरात जुने काम आहे ती मंजूर रकमेच्या कितीतरी पट मोलाचे काम करते. जी संस्था केवळ प्रकल्प मिळवण्यासाठी त्या तालुक्यात उतरते, तिचे काम शेवटचा हप्ता मिळाल्यावर थांबते. प्रशिक्षितांची तीस-चाळीस पाकिटे मसाला तयार झाली आणि विकायला बाजारच नाही, अशी अवस्था होऊ नये यासाठी नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकाने निवडीच्या वेळीच काटेकोर असावे. जिल्ह्यात हा सहसा एकच अधिकारी असतो आणि त्याच्याकडे पतपुरवठा आराखड्यापासून पाणलोटापर्यंत अनेक कामे असतात, हेही विसरता येत नाही.

मुलींच्या आणि विवाहित स्त्रियांच्या दृष्टीने आरसेटीच्या निवासी स्वरूपाचा वेगळा विचार हवा. महिनाभर घराबाहेर राहण्याची परवानगी मिळवणे हीच अनेकींच्या बाबतीत पहिली लढाई असते. ती जिंकून आलेल्या मुलींना या महिन्यात जे मिळते ते अन्यत्र मिळत नाही : स्वयंपाक, पाणी आणि घरातल्यांच्या सरबराईतून मुक्त असा अखंड वेळ, आणि समवयस्कांची सोबत. राहण्याची व्यवस्था मी पाहिलेल्या केंद्रांत साधी, स्वच्छ आणि सुरक्षित होती, जेवण पोटभर होते. परंतु अंगावर पिणारे बाळ असलेल्या आईला येथे जागा नाही. पाळणाघराची सोय नसल्यामुळे ती एक तर येत नाही, किंवा रोज ये-जा करण्याची सवलत मागते आणि पहाटे व संध्याकाळची सत्रे गमावते. स्त्रियांसाठीच्या तुकड्यांची संख्या पाहता, प्रत्येक केंद्रात एक खोली आणि एक मावशी एवढ्यावर सुटणारा हा प्रश्न इतकी वर्षे तसाच राहिला याचे मला मनापासून वाईट वाटते. दुसरे असे की, स्त्रियांसाठी अजूनही शिवणकाम आणि पार्लर यांच्याच तुकड्या सर्वाधिक निघतात. एकाच गावात पाचवी शिलाईवाली उभी करण्यापेक्षा पंप दुरुस्ती किंवा मोबाइल दुरुस्तीत मुलींना आग्रहाने आणावे. जेथे आणले गेले तेथे गावातील स्त्रियांनी आपले फोन निःसंकोचपणे त्यांच्याच हाती दिल्याचे मी ऐकले आहे.

ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार हवा आहे त्याने आरसेटीकडे जाऊ नये. त्याच्यासाठी २०१४ मध्ये सुरू झालेली दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे, जिचा भर नोकरी मिळवून देण्यावर आहे. केवळ अनुदानाच्या कर्जासाठी प्रमाणपत्र हवे म्हणून जाणाऱ्यालाही महिना कंटाळवाणा वाटेल. पण ज्याच्या मनात व्यवसाय ठरला आहे, थोडाफार हात बसला आहे आणि बँकेचा उंबरठा ओलांडायला जो बिचकतो, अशा तरुणाला मी ही सेवा निःशंकपणे सुचवतो.

जाण्यापूर्वी काही गोष्टी करून घ्याव्यात. केंद्रात प्रत्यक्ष जाऊन आपल्या अभ्यासक्रमाची मागची तुकडी कधी झाली ते विचारावे आणि त्यातील आपल्या तालुक्यातल्या दोघा-तिघांशी केंद्रामार्फत गाठ घालून घ्यावी. त्यांचे दुकान पाहिल्यावर केंद्राचा पाठपुरावा कसा आहे हे वेगळे विचारावे लागत नाही. आपल्या गावच्या सेवाक्षेत्रातील शाखेत प्रशिक्षणाआधीच बचत खाते उघडून त्यात नियमित व्यवहार सुरू करावा. घरातील कोणाचे कर्ज थकले असेल तर त्याची चौकशी आधी करून घ्यावी आणि स्वतःचा सिबिल अहवाल, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद, पाहून ठेवावा. प्रकल्प अहवाल केंद्रात असतानाच स्वतःच्या हाताने लिहावा, दुसऱ्याकडून तयार करून घेऊ नये, कारण शाखेत त्यातील प्रत्येक आकड्याचे कारण विचारले जाते. दरपत्रके प्रशिक्षणाच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावीत म्हणजे ती शिळी होत नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत होते, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. अर्ज दिल्यावर त्याची पोच तारखेसह घ्यावी, आणि शाखेने महिनाभरात काहीच कळवले नाही तर केंद्राच्या संचालकाला व अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाला त्या पोचेची प्रत जोडून लेखी कळवावे.